८ बाय १० फुटांचे स्वयंपाकघर नव्याने करायचे आहे, आधी काय ठरवावे?

सांडगी_मिरची

नमस्कार मंडळी.

पुण्यात सुमारे ३५ वर्षांपूर्वी बांधलेल्या एका सोसायटीत आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला असून राहायला जाण्यापूर्वी स्वयंपाकघर पूर्ण उखडून नव्याने करणार आहोत. खोली आतून ८ फूट रुंद आणि १० फूट लांब आहे. एका अरुंद बाजूला हॉलमधून येणारे दार आहे, तर समोरच्या बाजूला खिडकी आणि तिला लागून कोरड्या बाल्कनीत उघडणारे दार आहे. जुना कडप्प्याचा ओटा डावीकडच्या लांब भिंतीला लागून आहे आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात, जमिनीलगत नळ असलेली भांडी घासायची मोरी आहे.

दोन दुकानांतून आराखडे करून आणले. दोन्हीकडे संगणकावर फार सुंदर चित्रे दाखवली. त्या चित्रांतल्या ओट्यावर एक फुलदाणी आणि तीन हिरवी सफरचंदे होती, पण कुकर, कणकेची परात किंवा ओले फडके कुठेही नव्हते. ट्रॉल्यांचा रंग कोणता, दारे चकचकीत हवीत की मंद, याबद्दल तासभर बोलणे झाले, मात्र तुमच्या घरी स्वयंपाक कोण करते, हा प्रश्न दोघांपैकी एकानेही विचारला नाही.

आणि आमच्याकडे त्याचेच उत्तर गुंतागुंतीचे आहे. सकाळी सात ते सव्वाआठ स्वयंपाकाच्या मावशी येतात. वीस-बावीस पोळ्या, दोन भाज्या आणि वरणभाताचा कुकर होतो. त्यांची उंची ४ फूट १० इंच आहे. संध्याकाळचा स्वयंपाक मी करते. माझी उंची ५ फूट ५ इंच. रविवारी नवरा मटण किंवा मासे करतो आणि तो माझ्याहूनही पाच इंच उंच आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभे राहवत नाही, तरी पालेभाजी निवडणे, नारळ खवणे आणि चार वाजताचा चहा ही कामे त्या सोडणार नाहीत, आणि त्यांनी ती सोडावीत असे आम्हालाही वाटत नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो दर वीस मिनिटांनी फ्रिज उघडतो. भांड्यांच्या मावशी दुपारी बारा वाजता येतात.

दोन्ही आराखड्यांत ओट्याची उंची सरसकट ३४ इंच धरली आहे. ती कोणाच्या मापाची आहे, हे मला कळलेले नाही. मोरी काढायची असे दोघांनीही गृहीत धरले आहे. अशा घरासाठी स्वयंपाकघराची आखणी नेमकी कुठून सुरू करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.

रंधा_आणि_गुण्या

मी ठेकेदारीच्या कामात बरीच वर्षे आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आठ दिवस आराखड्याकडे पाहूच नका. सध्या जिथे राहता तिथल्या स्वयंपाकघरात एक वही टांगून ठेवा आणि कोण किती वाजता काय करते, कुठे अडते, कोणती वस्तू घ्यायला कोणाला 'जरा सरक' म्हणावे लागते, एवढेच लिहा. शेवटच्या दिवशी सगळे डबे, भांडी आणि यंत्रे जमिनीवर मांडून मोजा. सर्वांत उंच डब्याची उंची, सर्वांत मोठ्या परातीचा व्यास आणि मिक्सरची भांड्यासकट उंची ही मापे मिळाल्याशिवाय ट्रॉल्यांचे कप्पे ठरवणे म्हणजे पाय न मोजता चपला घेणे आहे.

आता खोलीविषयी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जेवणाची सोय वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद असावे लागते. तिथेच जेवायचे असेल तर किमान क्षेत्र ७.५ चौरस मीटर आणि रुंदी २.१ मीटर धरली जाते. तुमची खोली साधारण ७.४ चौरस मीटर भरते, म्हणजे अगदी उंबरठ्यावर आहे. चौघांचे टेबल आत कोंबू नका; मात्र दोघांना बसता येईल अशी जागा निघेल.

रुंदी ९६ इंच आहे. डावीकडे २४ इंच खोलीचा मुख्य ओटा घेतला आणि उजव्या भिंतीलाही तसाच घेतला, तर मध्ये ४८ इंच उरतात. दोन माणसे एकमेकांच्या पाठीमागून जाण्यासाठी एवढे अंतर लागतेच. पण समोरचा ओटा २४ इंच खोल असण्याची गरज नसते. तो १८ इंचांचा केला तर मधली जागा ५४ इंच होते, आणि खाली वाकून ट्रॉली उघडलेली असतानाही मागून कोणी जाऊ शकते. काटकोनी ओटा, ज्याला सगळे इंग्रजी एल म्हणतात, तो तुमच्या खोलीत घेऊ नका. एका अरुंद बाजूला हॉलचे दार आहे आणि दुसऱ्या बाजूला बाल्कनीचे. ओटा वळवाल तिथे एक दार अडेल, आणि शिवाय ज्यात हात पोहोचत नाही असा आंधळा कोपरा पदरी पडेल.

उंचीचा हिशेब सोपा आहे. हात कोपरात वाकवून उभे राहा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा. चिरण्यासारख्या कामासाठी ओटा त्याहून १० ते १५ सेंमी खाली असावा. पोळ्या लाटताना आणि कणीक तिंबताना वरून जोर द्यावा लागतो, त्यामुळे तिथे आणखी थोडा खाली चालतो. तुमच्या मावशींचे कोपर साधारण ९२ सेंमीवर येईल आणि तुमचे १०४च्या आसपास. म्हणजे त्यांना लाटायला ३० इंचांची जागा हवी आणि तुम्हाला चिरायला ३५ इंचांची. ३४ इंचांवर त्या रोज बावीस पोळ्या खांदे उचलून लाटतील. एकाच उंचीचा ओटा तुमच्या घरात कोणालाच धड बसणार नाही, हे आधी मान्य करा.

दोन गोष्टी लोक विसरतात. ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतः चार-पाच इंच उंच असते; तिच्यावर कुकर ठेवला की तळणारा किंवा ढवळणारा हात कोपराच्या बराच वर जातो. म्हणून शेगडी ठेवणार असाल तर तेवढा भाग चार इंच खाली घ्या, किंवा ओट्यात बसवायचा हॉब घ्या. सिंकचे उलट आहे. सिंकचा तळ ओट्याच्या आठ-नऊ इंच खाली असतो आणि आपले काम तळाशी चालते, म्हणून कंबर दुखते ती तिथे. सिंकची कड बाकीच्या ओट्याहून खाली तर कधीच नसावी.

मायनपार

मी जर्मनीत फ्रांकफुर्टला राहतो, म्हणून हे लिहिण्याचा मोह आवरत नाही. आजच्या मॉड्युलर स्वयंपाकघराची पणजी याच गावची आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ मध्ये इथल्या नव्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे मिरचीताईंच्या खोलीपेक्षाही लहान. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. एर्न्स्ट माय हाउस म्हणून जपलेल्या घरात त्यातले एक आजही पाहता येते, आणि पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो.

तिने बाई किती पावले चालते, हे घड्याळ लावून मोजले होते. डाळ-तांदूळ-साखरेसाठी चोच असलेले ॲल्युमिनियमचे छोटे खण होते, ते काढून थेट पातेल्यात ओतता येत. पिठाचे खण मात्र ओकच्या लाकडाचे होते, कारण त्या लाकडामुळे पिठात अळ्या होत नाहीत. खिडकीसमोर बसून भाजी चिरायची जागा, फिरते स्टूल आणि चिरलेला कचरा सरकवायला फळीतच केलेली सोय होती. निळसर हिरवा रंगही माश्या त्यावर बसत नाहीत या समजुतीने दिलेला होता.

तरीही राहायला आलेल्या अनेक कुटुंबांनी कुरकुर केली. ती खोली एकाच बाईने एकटीने काम करण्यासाठी आखली होती. आईच्या पायात घुटमळणारे मूल, कांदा सोलत गप्पा मारणारी आजी, यांना तिथे उभे राहायला जागाच नव्हती. हे स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असे या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. मापे बिनचूक होती. घरात माणसे किती, एवढेच एक माप चुकले होते. दुकानदारांच्या त्या चित्रांत सफरचंदांखेरीज कोणी नसते, ते याच घराण्याचे लक्षण म्हणायचे.

शंकेखोर

मला एक विचारायचे आहे. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून खुले स्वयंपाकघर केले, तर हे सगळे उंचीचे आणि रुंदीचे वाद आपोआप मिटणार नाहीत का? हल्ली नव्या इमारतींत तसेच असते.

रंधा_आणि_गुण्या

मिटणार नाहीत, फक्त हॉलमध्ये जातील. ३५ वर्षांच्या इमारतीत कोणती भिंत नुसती आडोशाची आहे आणि कोणती भार पेलते, हे संरचना अभियंत्याने पाहून लेखी दिल्याशिवाय आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय हातोडी लावू नये. ते जमले तरी बोंबील तळल्यावर सोफ्याच्या कापडाला चार दिवस बोंबलाचा वास येईल, आणि ज्या भिंतीवर फ्रिज आणि कपाट उभे राहिले असते ती भिंतच गेलेली असेल.

आमसूल

मी रत्नागिरीची. मोरी काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस मासे येतात. खवले ओट्यावरच्या सिंकमध्ये काढले की ते नळाच्या मागे, टाइल्सच्या सांध्यांत, चिमणीच्या काचेवर उडतात आणि दुसऱ्या दिवशी चहा करताना सापडतात. नव्या घरात आम्ही हौसेने मोरी काढली आणि दोन वर्षांत मागच्या पडवीत पुन्हा बांधली. आता तिथे एक खोल सिंक, लांब फिरता नळ आणि मोरळी, म्हणजे विळी, ठेवायला रुंद पाट आहे. मासे, कोथिंबिरीची माती, मोठी पातेली, सगळे तिथेच होते. घरात येते ते धुतलेले येते.

तुमच्याकडे कोरडी बाल्कनी आहे. मोरी स्वयंपाकघरात नको असेल तर तिथे न्या, पण भांडी आणि मासे एकाच उभ्या सिंकवर लादू नका. दुपारी बारा वाजता भांड्यांच्या मावशी सिंक अडवून असतील आणि त्याच वेळी कोणाला तांदूळ धुवायचे असतील, तर रोजची कटकट होईल. आणि भांड्यांच्या मावशींनाही विचारा. आमच्या बाई बसून घासतात, त्यांना उभ्याने पाठ धरते. शेजारच्या तरुण मुलीला मात्र उकिडवे बसणे नको असते.

उन्हाची_शिदोरी

नागपूरहून लिहितो आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा आमच्या दृष्टीने स्वयंपाकघराची आखणी म्हणजे हवेची आखणी.

खिडकीखाली शेगडी घेऊ नका. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते, कधी विझते, आणि पडदा असेल तर धोका वेगळाच. खिडकीजवळ सिंक असावे, म्हणजे ओल लवकर वाळते. शेगडी खोलीच्या मध्याकडे, पण हॉलच्या दाराच्या झोतात येणार नाही अशी असावी.

गॅस कोणता आहे, यावरही आखणी ठरते, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूने जाळी हवी आणि दार घट्ट बंद होणारे नसावे. नळाने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. त्याच्यासाठी वरची झडप किंवा पंख्याचे भोक उघडे असणे महत्त्वाचे. आमच्या नात्यातल्या एका घरी ट्रॉलीवाल्याने वरचे भोक 'दिसायला वाईट' म्हणून प्लायवूडने बंद करून टाकले होते. पाइपची जागा बदलायची असेल तर ती गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच बदलून घ्या, आणि तीही ओटा बसण्याआधी.

चिमणी घेताना तिच्यावर छापलेला मोठा आकडा पाहून भुलू नये. तुमच्या खोलीत, नऊ फूट उंची धरली, तर सुमारे २० घनमीटर हवा आहे. ताशी १,२०० घनमीटर ओढणारी चिमणी कागदावर ती हवा मिनिटाला एकदा बदलते. पण नळी लांब असली, तिला तीन वळणे असली किंवा सहा इंचांची नळी भिंतीत शिरताना चार इंचांची केली, तर त्यातले बरेच काही वाटेतच संपते आणि उरतो तो आवाज. म्हणून शेगडीची जागा ठरवतानाच नळी बाहेर कुठून जाणार, ते पाहा.

सांडगी_मिरची

सर्वांचे आभार. वही टांगली होती. आठ दिवसांत जे दिसले ते थोडक्यात लिहिते, कारण मला स्वतःलाच त्याचे आश्चर्य वाटले.

सर्वांत जास्त गर्दी सकाळी पावणेआठ ते सव्वाआठ या अर्ध्या तासात होते. मावशी पोळ्या लाटत असतात, मी डबे भरत असते, सासूबाईंना औषधासाठी कोमट पाणी हवे असते आणि मुलगा दूध मागत असतो. या अर्ध्या तासात एका दिवशी फ्रिज अकरा वेळा उघडला गेला, आणि आमचा फ्रिज सध्या शेगडीच्या पलीकडे असल्यामुळे अकराही वेळा कोणीतरी मावशींच्या मागून गेले. संध्याकाळी मी एकटीच असते. तेव्हा कसलीही अडचण नसते. म्हणजे मी माझ्या संध्याकाळसाठी स्वयंपाकघर आखायला निघाले होते आणि अडचण सकाळी होती.

सासूबाई भाजी निवडायला हॉलमध्ये जाऊन बसतात. त्यांना हॉल आवडतो म्हणून त्या जातात, असे मला वाटायचे. विचारले तेव्हा म्हणाल्या, "आत बसायला जागा कुठे आहे? उभी राहिले तर तुमच्या पायांत येते."

मोजदादीत ६३ डबे निघाले. त्यांपैकी १९ रिकामे होते.

कढीपत्ता

१९ रिकामे डबे वाचून बरे वाटले, आमच्याकडे २७ होते.

साठवणीबद्दल एक वेगळे मत मांडते. सगळे म्हणतात की खाली कपाटे नकोत, खेचायच्या ट्रॉल्याच हव्यात, आणि रोजच्या वस्तूंपुरते ते खरेच आहे. वाकून, हात घालून मागचा डबा शोधण्यापेक्षा खण बाहेर ओढणे केव्हाही सोपे. पण आमच्या आईच्या घरी वर्षाचे तिखट, गोडा मसाला, कुळीथ, लोणच्याच्या बरण्या असे सगळे असते. चिनी मातीची भरलेली बरणी ट्रॉलीत ठेवली की प्रत्येक झटक्याला माझा जीव वर येतो. अशा जड आणि न हलवायच्या वस्तूंसाठी एक साधे, स्थिर फळ्यांचे उभे कपाट ठेवावे. जुन्या वाड्यातल्या फडताळाची खोली जेमतेम फूटभर असे, म्हणून त्यात एकामागे एक दुसरी रांग लपत नसे. तीच अक्कल आजही चालते.

दुसरे म्हणजे सणावारी वीस माणसे जेवतात म्हणून वर्षभराचे स्वयंपाकघर त्या मापाने करू नका. गौरींच्या दिवशी आम्ही दोन बर्नरची जादा शेगडी मांडतो आणि हॉलमध्ये घडीचे टेबल उघडतो. मोठी पातेली, पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र माळ्यावर जाते. मात्र माळ्यावर काय आहे, त्याची यादी दाराच्या आत चिकटवून ठेवा, नाहीतर दर भाद्रपदात नवे मोदकपात्र विकत आणले जाते. हा स्वानुभव आहे.

शंकेखोर

साहित्याबद्दल कोणीच बोलले नाही. प्लायवूड, पीव्हीसी, स्टील, ग्रॅनाइट, क्वार्ट्झ यांतले नेमके काय घ्यावे?

रंधा_आणि_गुण्या

हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा होता आणि तसाच तो आला, याचा आनंद आहे.

ओट्याला काळा किंवा गडद ग्रॅनाइट, बस्स. पांढरा संगमरवर लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आंबटाने झिजतो. आमसूलताईंच्या घरी तर महिनाभर टिकणार नाही. क्वार्ट्झ दिसायला छान असते, पण त्यात राळ असते, त्यामुळे उतरवलेली तापलेली कढई थेट ठेवली तर डाग पडतो. आपल्याकडे कढई थेट ओट्यावर ठेवतातच, त्यावर भाषणे देऊन उपयोग होत नाही. ओट्याच्या पुढच्या कडेला पाणी खाली न ओघळावे म्हणून बारीक उंचवटा करून घ्या.

खालच्या सांगाड्यासाठी जुने कडप्प्याचे उभे पडदे धड असतील तर ठेवा. त्यांना ना पाणी लागते ना वाळवी. प्लायवूड घ्यायचे असेल तर सिंकखाली आयएस ७१० हा, म्हणजे ओलाव्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा, शिक्का असलेलेच घ्या, आणि शिक्का पत्रकावर नव्हे, फळीवर पाहा. जमिनीपासून चार इंच पाया मोकळा सोडा, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडाला लागणार नाही.

विजेचे बिंदू ओटा बसण्याआधी ठरवा. मिक्सरला ६ अँपिअरचा पुरतो. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळजवळ ९ अँपिअर घेते, तिला आणि ओव्हनला १६ अँपिअरचे वेगवेगळे बिंदू हवेत. सगळे एकाच विस्तारफळीवर (एक्स्टेंशन बोर्डवर) जोडलेले घर मी दर महिन्याला पाहतो. आणि एक दिव्याची पट्टी वरच्या कपाटांच्या खाली लावा. खोलीच्या मधोमध असलेली ट्यूब आपल्या पाठीमागे असते, म्हणून आपली सावली नेमकी सुरीवर पडते.

आता मिरचीताई, तुमच्या वहीवरून माझी सूचना अशी. उजव्या भिंतीला दुसरा 'ओटा' करूच नका, तिथे टेबल करा. फ्रिज हॉलच्या दाराजवळ उजवीकडे. त्याच्या पुढे पाच फूट लांब, १८ इंच खोल आणि खाली पूर्ण मोकळी असलेली ग्रॅनाइटची फळी. आणि बाल्कनीच्या बाजूला कढीपत्ताताईंचे उथळ फडताळ. फळी ३० इंचांवर घेतली तर मावशी तिथे उभ्याने पोळ्या लाटतील, आणि दुपारी त्याच फळीखाली गुडघे घालून आजी खुर्चीवर बसून भाजी निवडतील. लाटलेली पोळी तव्यावर टाकायला मागे वळून एकच पाऊल पडेल. डावीकडचा मुख्य ओटा मग तुमच्या मापाने ३५ इंच ठेवा, फक्त हॉबचा भाग खाली घ्या. त्यावर हॉलच्या बाजूने आधी दोन फूट मोकळी जागा, मग हॉब, मग तीन फूट चिरायला, आणि खिडकीशी सिंक, असा क्रम लावा.

उन्हाची_शिदोरी

एकच शंका. दर पोळीला वळायचे, म्हणजे सव्वा तासात बावीस वेळा वळणे झाले. मावशींना ते चालेल का?

सांडगी_मिरची

हीच शंका मलाही आली होती, म्हणून काल प्रयोग केला. नव्या फ्लॅटमध्ये जुना ओटा अजून आहे आणि गॅसची जोडणी चालू आहे. उजव्या भिंतीशी विटा रचून त्यांच्यावर गवंड्याची फळी टाकली, वर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवून उंची बरोबर ३० इंच केली, आणि मावशींना रिक्षाने घेऊन गेले. त्यांना आधी हसू आले. मग पोळपाट ठेवला, सहा पोळ्या लाटल्या आणि वळून भाजल्या. वळण्याची त्यांना अडचण वाटली नाही. उलट तव्याच्या धगीपासून लाटताना लांब राहता येते, असे त्या म्हणाल्या. मात्र पोळपाटालाच दीड इंच उंची असते, हे आम्ही कोणीच धरले नव्हते. त्यांनी एक गठ्ठा काढायला लावला. आता माप साडेअठ्ठावीस इंच आहे.

सासूबाईंनाही त्याच फळीशी बसवून पाहिले. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची चालते, पण खुर्चीला हात असतील तर ते फळीखाली जात नाहीत, म्हणून बिनहातांची पण पाठ असलेली खुर्ची घ्यायची ठरली. त्यांनी एक मागणी केली आहे: फळीच्या डाव्या टोकाला खवणी घट्ट अडकवता येईल अशी कड हवी, म्हणजे तिथला उंचवटा सहा इंचांपुरता काढायचा.

मोरी बाल्कनीत जाते आहे. नाहणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतले पाणी जायचे जाळीचे भोक, तिथे आधीपासून आहेच, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्यांची हरकत येण्याचा प्रश्न नाही. तरी पाणी न झिरपण्याचे काम नव्याने करून, दोन दिवस पाणी तुंबवून तपासणार आहोत. भांड्यांच्या मावशींना बसूनच घासायचे आहे, त्यामुळे तिथे उंच सिंक न घेता जुन्या पद्धतीची, पण कठडा थोडा उंच असलेली मोरी होईल. रविवारचे मासेही तिथेच साफ होतील, असे नवऱ्याला सांगितले आहे.

देवघर ईशान्येला हवे असा सासूबाईंचा आग्रह होता. ती जागा नेमकी फ्रिजची निघाली. दोन दिवस चर्चा झाली आणि देव हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात गेले.

दोन्ही दुकानांना ही मापे आणि मांडणी कागदावर लिहून पाठवली. एकाने 'असे आम्ही करत नाही' म्हणून कळवले. दुसरा मावशींच्या मापाची खात्री करायला परवा सकाळी सात वाजता घरी येणार आहे.

आमसूल

परवा पोळ्या त्यालाही वाढा.